सरासरीला देवी येत नाहीत

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, नुसतं एका ऑफिसात टिकून राहावं लागतं! साठ सालाच्या आसपास पनवेलच्या एका छोट्या सरकारी ऑफिसात मी देवीची लस टोचायच्या कामावर होतो. तिथे गणितात एम.ए. झालेले गद्रे आकडेवारीला आले. आल्या दिवशी त्यांनी फळ्यावरची सुट्ट्यांची यादी पुसली आणि हे एवढं मोठं समीकरण मांडलं. साथ कुठे वाढेल, कुठे विझेल, ते म्हणे त्यातून कळतं.

आमच्या शिपायानं, तुकारामनं, मान तिरकी करून ते पाहिलं. "साहेब, यात दिवाळी कुठे आली?"

*

आमचे डॉक्टरसाहेब तालुक्याच्या आकड्यांवर भारी खूश. "गद्रे, टोचणीची सरासरी उत्तम आहे आपली!"

गद्रे हळूच म्हणाले, "सर, सरासरीला देवी येत नाहीत. माणसांना येतात."

मग त्यांनी समीकरणाचे दोन भाग करून दाखवले. एकात पनवेल गाव, दुसऱ्यात मिठागराकडची वाडी. गावात साथ विझत होती. वाडीत विझतच नव्हती!

साहेब उठून फळ्याजवळ गेले. "वाडीवर जाऊन या," एवढंच म्हणाले.

*

गेलो. मी आणि गद्रे, भर दुपारी. दारांना कड्या, अंगणात एक शेळी! अशा दुपारींचा माझ्या वहीत ठरलेला शेरा असायचा, 'लोक टोचून घेण्यास नकार देतात'. माझ्याच अक्षरात.

मिठागराच्या बांधावर हिरूबाई भेटली. वाडीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. टोचायला नकार का, विचारलं, तर म्हणाली, "तुमी येता तवा आमी मिठावर. आमी घरी येतो तवा तुमी पनवेलला. नाय कोन म्हनला तुमाला?"

बांधावर उभ्या उभ्याच मी तो शेरा खोडला. दुसऱ्या दिवसापासून उजाडता उजाडता आम्ही दोघं वाडीत हजर, गद्रे आकड्यांची वही घेऊन!

*

पहिल्याच सकाळी हिरूबाईनं अट घातली. "आदी त्या आकडेवाल्याला टोच."

गद्रे पांढरेफटक! अख्ख्या तालुक्याची साथ फळ्यावर अडवणारा माणूस सुईला घाबरायचा! बाही वर करून त्यांनी डोळे गच्च मिटले. हिरूबाईनं त्यांचा दुसरा हात धरला, तो माझं काम झाल्यावरही सोडला नाही. "झाला रं बाला, झाला."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि एकेक करून रांगेत उभ्या राहिल्या.

*

वाडीचं काम संपत आलं तेव्हा हिरूबाई पहिल्यांदाच आमच्या ऑफिसात आली. साहेब टेबलाशीच बसले होते; ती थेट फळ्यासमोर उभी राहिली. "यात मेलेली मानसं पन हायत?"

"आहेत," गद्रे म्हणाले.

"माजा नातू हाय? पांडू. मागच्या साथीत गेला. तीन वर्साचा व्हता."

गद्र्यांनी मृत्यूंची नोंदवही काढली. पानं उलटली, पुन्हा उलटली. वाडीवरची नोंदच कुणी केली नव्हती.

"नाही, आई." त्यांच्याच्यानं वर बघवेना.

"मंग मांड की आता," ती म्हणाली आणि निघून गेली.

पंधरवड्यानं गद्र्यांचा अहवाल सहीसाठी साहेबांसमोर आला. मृत्यूंच्या तक्त्यात सगळीकडे आकडे, आणि वाडीच्या रकान्यात नुसतं 'पांडू'.

"गद्रे, तक्त्यात नाव?" साहेबांनी खोडायला पेन उघडलं.

"सर, वाडीवरचं आपल्याला एवढंच ठाऊक आहे."

साहेबांनी नावावरचं पेन उचललं. मग वाकून त्यांनी त्या नावापुढे आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'वय वर्षे तीन', आणि खाली सही केली.