वाटीतलं रॉकेल

रविवारी विहाराचं गवत कापायचं मशीन सुरू झालं नाही, हे मला सासऱ्यांच्या हातावरून कळलं. ते विहारातून परत आले आणि चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. उजवा खांदा का दुखतोय, असं विचारल्यावर म्हणाले, दोरी तीस-चाळीस वेळा ओढली, इंजिन नुसतं फुसफुसतं. एवढं सांगून ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी कागद घेतला. ती माझी सवय. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायची. कुठलीही गोष्ट अडली की आधी यादी करायची, मग एकेक ओळ खोडत जायचं. पेट्रोल, प्लग, एअर फिल्टर, पॉइंट, कॉइल. पाच ओळी झाल्या. पुढच्या रविवारी वर्षावासाच्या समाप्तीचा कार्यक्रम होता. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले आणि शेवटच्या दिवशी सगळी वस्ती विहारासमोरच्या हिरवळीवर जेवायला बसे. ती हिरवळ त्या वेळी गुडघ्याला लागत होती.

बाबा, म्हणजे माझे सासरे, कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यानंतर घरात त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे मशीन तेवढं होतं. विहाराच्या समितीने ते एका बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारातून आणलं होतं, इंजिन मेलेलं. बाबांनी उल्हासनगर कॅम्प एकमधल्या जुन्या जनरेटरच्या दुकानातून दुसरं इंजिन आणून त्यावर बसवलं. पेट्रोलवर सुरू होणारं आणि रॉकेलवर चालणारं. छोटी टाकी पेट्रोलची, मोठी रॉकेलची आणि मध्ये इंधन बदलायचा एक कॉक. वस्तीत घरोघरी गॅस आला होता, पण रेशनचं रॉकेल कोणी सोडलं नव्हतं. दर महिन्याला प्रत्येक घरातून एक बाटली विहाराच्या कॅनमध्ये येऊन पडे. बायका तिला गवताची बाटली म्हणत. कोणी चुकलं तर बाबा दारात जाऊन उभे राहत आणि विचारत, "यंदा तुमच्या वाटणीचं गवत तसंच ठेवू का?"

विहारामागच्या खोलीची किल्ली बाबांच्या शर्टाच्या खिशात असे. झोपताना शर्ट बदलला तरी किल्ली दुसऱ्या शर्टाच्या खिशात जाई.

त्याच संध्याकाळी समितीचे सचिव घरी आले. बँकेत नोकरीला, बोलायला मऊ. मशीनचं त्यांना कळलं होतं. कात्रपला एक नर्सरीवाला आहे, तो स्वतःचं मशीन घेऊन येतो, वर्षाचं काम त्यालाच द्यावं असं काही जणांचं म्हणणं आहे, काकांनी आता आराम करावा, असं ते म्हणाले. काका समोरच बसले होते, पण सचिव माझ्याकडे बघून बोलत होते. मी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली. त्यांनी ती दिली. किल्ली मात्र तोवर काकांकडेच राहू दे, असंही ते म्हणाले, आणि तो 'तोवर' ऐकून बाबांनी मान वर करून पाहिलं.

माझ्या मनात काय होतं ते इथे लिहायला हवं. कारखान्याच्या डायरीच्या मागच्या पानावर माझी अजून एक यादी होती. तिला शीर्षक नव्हतं. गॅस चालू ठेवून बाबा बाहेर गेले. बदलापूरला बहिणीकडे जायला निघाले आणि स्टेशनवरच दोन तास बसून राहिले. सासूबाईंसाठी पान आणलं. अशा ओळी जूनपासून साठल्या होत्या. मी त्या नवऱ्याला दाखवल्या तेव्हा तो म्हणाला, वय झालं की सगळेच विसरतात, तू काय माणसांचाही स्टॉक घेतेस का. त्यानंतर मी त्याला दाखवणं बंद केलं, लिहिणं चालू ठेवलं. किल्ली गेली तर हा माणूस दिवसभर कॉटवर बसेल आणि त्या यादीला पानं पुरणार नाहीत, एवढं मला दिसत होतं.

सोमवारी कामावरून सुटल्यावर आम्ही दोघं विहारात गेलो. लोडशेडिंगची वेळ होती. मेणबत्ती मशीनपासून लांब, दाराबाहेर ठेवायला बाबांनीच सांगितलं. ते विसरले नव्हते. पेट्रोलची टाकी अर्धी भरलेली, कॉक पेट्रोलवर. मी विचारलं, "बाबा, मागच्या वेळी बंद करताना पेट्रोलवर आणलं होतं ना?"

"मला विचारतेस?"

मी तेवढ्यावर पहिली ओळ खोडली.

त्या प्रश्नाचं कारण असं, की थंड इंजिन रॉकेलवर पेट घेत नाही. म्हणून काम संपलं की कॉक आधी पेट्रोलवर फिरवायचा, कार्बोरेटरच्या तळाला वाटी असते तिच्यातलं रॉकेल जळून जाऊन पेट्रोल येईपर्यंत थांबायचं आणि मगच बंद करायचं. घाई केली तर रॉकेल वाटीत राहतं आणि पुढच्या वेळी दोरी ओढून खांदा निखळला तरी काही होत नाही. बाबा त्यासाठी मनात शंभर मोजत. इंजिनाशेजारी उकिडवे बसून त्यांचे ओठ हलत आणि तेवढ्या वेळात कोणी हाक मारली तर ते ओ देत नसत. मी हे कितीतरी रविवारी पाहिलं होतं. गॅस विसरणारा माणूस हे विसरेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असेल तर मी ते येऊ दिलं नाही.

प्लग काढला तर ओला. वास रॉकेलचा आला, पण त्या खोलीत झाडूलाही रॉकेलचा वास होता. बाबा म्हणाले, चोक जास्त झाला. प्लग पुसून, पॉलिशपेपर मारून पुन्हा बसवला. मी दहा वेळा दोरी गुंडाळून ओढली. काही नाही. फिल्टर धुतला. तरीही काही नाही. एवढं करून आम्ही घरी आलो.

मंगळवारी उल्हासनगर. त्या दुकानाचे सिंधी मालक गल्ल्यामागे पंख्याखाली बसलेले होते. बाबांना बघून ते उठून उभे राहिले.

"आओ मिस्त्री. अजून जिंदा आहे का माझं इंजिन?"

"इंजिन जिंदा आहे. तुझा माल होता तरी," बाबा म्हणाले.

दुकानदार हसले. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जो प्रश्न कोणीही पहिला विचारेल तोच विचारला. "रॉकेलपे तो बंद नहीं किया?"

बाबांचा चेहरा उतरला. शेजारच्या डब्यातला एक नट उचलून ते बोटांत फिरवत राहिले. मला ते पाहवलं नाही. परक्या माणसासमोर, ज्याच्याकडे त्यांची उस्ताद म्हणून ओळख होती त्याच्यासमोर. मी म्हणाले, "ते बाबा कधीच विसरत नाहीत."

"हां हां, मिस्त्री कसा विसरेल," म्हणत दुकानदारांनी कानाला हात लावला आणि नवा प्लग, पॉइंटचा सेट काढून दिला. खरं तर त्याच क्षणी काम झालं होतं. रविवारपासून मी ज्याच्या मागे होते ते उत्तर त्यांनी काउंटरवर ठेवलं होतं, आणि मी ते उचलून बाजूला केलं.

बुधवारी नवा प्लग, नवे पॉइंट. ठिणगी निळी, जोरदार. कॉइलची ओळ खोडली. यादी संपली आणि इंजिन मेलेलंच होतं. स्टोअरमध्ये असं झालं की मी म्हणायची, यादी चुकली आहे. बाबांनी दोरी नीट गुंडाळून खिळ्याला अडकवली. परत येताना वाटेत ते एकदाच बोलले. कात्रपवाल्याचं मशीन कसलं असेल, असं विचारलं.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाबा दुपारी झोपले होते. त्यांच्या खुंटीवरच्या शर्टातून मी किल्ली काढली. त्या घरात इतक्या वर्षांत मी कुणाच्या खिशात हात घातला नव्हता.

कार्बोरेटरखालचा बोल्ट सोडवला आणि वाटीतलं सगळं एका स्टीलच्या वाटीत घेतलं. पेट्रोल आणि रॉकेल ओळखायची एक साधी रीत बाबांनीच मला शिकवली होती. थेंब तळहातावर घ्यायचा. पेट्रोल गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. मी थेंब घेतला. चोळला. तळहात तेलकट राहिला. दुसरा घेतला. तोही राहिला.

"काय निघालं?"

बाबा दारात उभे होते. शर्ट घातलेला, वरची दोन बटणं उघडी. खिसा रिकामा दिसला तेव्हा ते सरळ इथेच आले असणार.

"पाणी," मी म्हणाले. "पावसाचं पाणी शिरलं होतं बाबा. म्हणून घेत नव्हतं."

ते आत आले, गुडघ्यावर हात टेकवत खाली बसले आणि वाटीत बोट बुडवलं. अंगठ्याने बोट चोळत राहिले. मशीनवर काम करताना इतका वेळ त्यांनी कधी कशाला लावला नव्हता.

"पाणी असं लागत नाही."

मी सोडवलेला बोल्ट फडक्याने पुसायला घेतला.

"मी मोजलं होतं गं," ते म्हणाले. "शंभरपर्यंत मोजलं. मला आठवतंय."

"मोजलं असेल."

"मग कॉक न फिरवताच मोजलं."

मी वाटी बाहेर मातीत ओतली, बोल्ट आवळला, कॉक उघडून ताजं पेट्रोल येऊ दिलं, प्लग पुसला. दोरी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मानेनेच मला खुणावलं. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं आणि त्या छोट्या खोलीत धूर भरला. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाबांकडे पाहिलं तर ते इंजिनाकडे बघतच नव्हते, त्या स्टीलच्या वाटीकडे बघत होते.

हिरवळ त्यांनीच कापली. त्या दुपारी आणि शुक्रवारी सकाळी, मी कामावर निघण्याआधी. गवत इतकं वाढलेलं की पातं अडकायचं, दर फेरीला थांबून ते हाताने मोकळं करायचे. मी पायरीवर बसून पाहत होते. शुक्रवारी काम संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. कॉक पेट्रोलवर फिरवला, फिरवल्याचं मला दाखवलं आणि मोजायला लागले. या वेळी मोठ्याने. इंजिनाच्या आवाजात त्यांचा आवाज बारीक येत होता. चाळीसच्या पुढे कुठेतरी ते थांबले. पुन्हा एकपासून सुरू केलं. पुन्हा थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बंद कर."

मी बंद केलं.

रविवारचा कार्यक्रम चांगला झाला. पंगती हिरवळीवर बसल्या. सचिवांनी माईकवरून काकांचे आभार मानले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर पाण्याच्या पिंपाजवळ ते मुद्दाम बाबांकडे आले. कात्रपवाल्याला नाही म्हणून कळवलंय, मशीन आता सुरू झालंच आहे तर काम काकांकडेच राहू दे, समितीत सगळ्यांचं एकमत आहे, असं त्यांनी सांगितलं. या वेळी ते बाबांकडे बघून बोलत होते.

बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"त्यालाच बोलवा," ते म्हणाले. "माझा खांदा दुखतो."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली गवताकडे पाहत होते. मला वाटलं असतं तर मी काहीतरी बोलू शकले असते, खांदा आठवड्यात बरा होईल वगैरे. मंगळवारी उल्हासनगरला मी बोलले होते, त्याची आठवण ताजी होती.

संध्याकाळी मी भाकऱ्या टाकत असताना बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी डायरी मागितली. कुठली, असं मी विचारलं.

"जिच्या मागे माझं लिहितेस ती."

त्यांना कधीपासून माहीत होतं, हे मी विचारलं नाही. आजही ठाऊक नाही. मी पीठ लागलेले हात धुतले आणि डायरी आणून दिली. त्यांनी चष्मा लावून मागचं पान वाचलं, वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून. सासूबाईंसाठी आणलेल्या पानाच्या ओळीवर बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग डायरी माझ्याकडे सरकवली.

"मशीनचं लिहिलं नाहीस."

मी लिहिलं: मशीन रॉकेलवर बंद केलं.

त्यांनी वाचलं. "कोणी, ते लिही," ते म्हणाले. "आणि अक्षर मोठं काढ. उद्या मलाच वाचायचंय."