पहिलीच्या बाईंचा आवाज

माझ्या साडूंना स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. मिसळ ते उभ्याने खातात, आणि समोरचा बसून खात असेल तर त्याच्याकडे असं बघतात की तो बिचारा पाव हातात घेऊनच उठतो. लग्नात पंगतीला बसवावं, तर भात यायच्या आत हे वाढप्याच्या हातातली बादली घेऊन निघालेले. अशा माणसाला एका कंपनीने गावोगाव फिरायचं काम दिलं, ही त्यांच्या घरच्यांची पुण्याई. शाळांसाठी निघालेलं नवं यंत्र पहिली-दुसरीच्या बाईंना थोडे दिवस वापरायला द्यायचं, त्यांचं म्हणणं कळवायचं आणि मुदत संपली की यंत्र परत आणायचं, एवढं ते काम.

यंदा जूनमध्ये त्यांच्या पिशवीत माईक होते. बाईंचा घसा वाचावा म्हणून गळ्यात माईक आणि कमरेला डब्याएवढा स्पीकर. पहिली चाचणी अर्थात आमच्या घरी. माईक माझ्या गळ्यात घालून त्यांनी मला बायकोकडे चटणी मागायला लावली, तर वरच्या मजल्यावरच्या काकू वाटी घेऊन खाली आल्या. साडू बेहद्द खूश. पण कोल्हापूरकरांना आवाज वाढवून द्यायचा म्हणजे काय, हे कंपनीला कोणी सांगितलंच नव्हतं. गडहिंग्लजच्या बाईंनी खोकंसुद्धा उघडलं नाही. "मला कशाला ओ ह्यो? मी पाढं म्हणाय लागले की स्टँडात एस्टी थांबतीया," म्हणाल्या. बिद्रीकडे एका शाळेत पहिलीच्या बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तर पलीकडून चौथीचा वर्ग द्यायचा. जो तो 'गरज नाही' म्हणून कळवत होता आणि साडू चरफडत गाडीला किक मारत होते.

मग गगनबावड्याकडच्या एका वाडीवरची शाळा आली. पत्र्याचं छप्पर, वर धो धो पाऊस, आणि बाईंचा घसा ओरडून ओरडून गेलेला. पोरं त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाजाने आकडे म्हणायची. माईक लावला, तशी शेवटच्या बस्करावरची मुलगी उठून पुढे आली आणि बाईंच्या कमरेच्या डब्याला कान लावून उभी राहिली. 

कंपनीने मात्र सगळ्या शाळांचा मिळून हिशेब केला आणि प्रयोग गुंडाळला. साडू फोनवर भांडले, साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि ऐन जुलैत माईक परत गेले. पुढच्याच शनिवारी, सकाळच्या शाळेला, साडू वाडीवर हजर. बाईंनी एकेक आकडा हळू सांगायचा आणि यांनी वर्गात फेऱ्या घालत तोच गर्जून म्हणायचा. तेव्हापासून एक शनिवार चुकलेला नाही.

परवा आमच्याकडे आले ते भिजलेले आणि घसा पार बसलेला. बायकोने हळद-दूध दिलं. मी रागावलो, म्हटलं, तुमचं काम संपलंय, एक शनिवार तरी घरी राहा. त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी कसंबसं म्हणाले, "पावणं, पोरं अजून विसातच हाईत की."

आणि निघालेसुद्धा. शंभर अजून फार लांब आहे, तोवर या माणसाचा आवाज पुरावा, एवढंच मनात येत राहिलं.