आप्पांना घेऊन पळून जाताना

ताईंचं निम्मं आयुष्य चष्म्याच्या दुकानात, मागच्या टेबलावर गेलं. काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची, वाकड्या दांड्या सरळ करायच्या. आई गेल्यावर आप्पांचं करता करता त्या सत्तेचाळीस वर्षांच्या झाल्या आणि त्यांच्या लग्नाचा विषय घरात कधी बंद झाला, ते कुणाला कळलंही नाही.

मग डोंगरावरच्या हवामान केंद्रातले गृहस्थ फुटका चष्मा घेऊन आले. वाऱ्याने उडून तो खडकावर आपटला होता. दुकानात सगळे त्यांना हवावाले म्हणू लागले. चष्मा तासाभरात झाला, पण पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले, आणि त्याच्या पुढच्याही.

"स्क्रू आपोआप इतका सैल होत नाही हो," ताई म्हणाल्या.

हवावाले कानापर्यंत लाल झाले. "वर करमत नाही," एवढंच त्यांना सुचलं.

दीड वर्षाने दोघांचं ठरलं. धाकट्या भावाला सांगितलं तर तो इतका खूश झाला की तिथेच सगळा घोळ झाला. त्याने हॉल बघितला, भावजयीने तीनशे पाहुण्यांची यादी केली. नटूनथटून खुर्चीवर बसायचं आणि लोकांनी 'जमलं बाई एकदाचं' म्हणत बघून जायचं, हे त्यांना नको होतं. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. भावाने ते हसण्यावारी नेलं.

"मग पळून जाऊ," हवावाले म्हणाले आणि स्वतःच दचकले.

केंद्राखालच्या गावात नोंदणी कचेरी होती. तिथे अर्ज दिला. हवावाल्यांनी दहा वर्षांच्या नोंदी चाळून तारीख काढली. त्या दिवशी आकाश हमखास निरभ्र असतं, समोरची सगळी शिखरं दिसतात. सह्या झाल्या की केंद्राच्या गच्चीवर दोघांनीच उभं राहायचं, बस्स. अडचण एकच होती. दोन दिवस आप्पांना कुणाकडे ठेवायचं? भावाकडे ठेवावं, तर कारण सांगावं लागणार.

आठवडाभर ताई घुसमटत राहिल्या. शेवटी आप्पांची नखं कापताना त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पळून जाणार?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"मला नेशील? शाळेतूनसुद्धा कधी पळालो नाही गं मी."

ताईंना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

सकाळच्या पहिल्या बसने बापलेक निघाले. ड्रायव्हरने विचारलं, "आजोबा, कुठे निघालात?"

"पळून चाललोय!" आप्पांनी ठणकावून सांगितलं.

वर गावात पोहोचले तर सगळा डोंगर ढगात बुडालेला. हवावाले कचेरीच्या दारात ओशाळून उभे होते. साक्षीदार म्हणून आप्पा, तोच बसचा ड्रायव्हर आणि केंद्रातला एक सहकारी. आप्पांच्या सहीला चांगली तीन मिनिटं लागली. कारकुनाने कागद धरून ठेवला. घाई कुणीच केली नाही.

गच्चीवर आप्पांना दोन घोंगड्यांत गुंडाळून खुर्चीत बसवलं. हवावाले पांढऱ्या धुक्यात बोट दाखवत राहिले. "इथे एक शिखर आहे. त्याच्या डावीकडे त्याहून उंच." ताई त्यांची बाही धरून ऐकत होत्या.

"दिसतंय का काही?" आप्पांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"मग मी डोळे मिटतो. तुम्ही बोला."

दुपारी ताईंनी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आप्पांना नेलंस. मला का नाही?"

फोन ठेवून ताई हमसून रडल्या.

ताई आणि आप्पा केंद्रावरच राहिले. भावाचा दीड महिना अबोला चालला. मग एका रविवारी तो न कळवता वर आला, धापा टाकत, आप्पांचे लोकरीचे कपडे पाठीवर घेऊन. ताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"राग आहे अजून?"

"आहे," तो म्हणाला. एक घोट घेऊन त्याने कप पुढे केला. "साखर घाल थोडी."