पळसाचा नवरा

ज्या माणसाला मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं, त्याला मी टीव्हीवर ओळखलं. नुसतं ओळखून गप्प बसले असते तर ठीक. मी गल्लीभर ओरडत सुटले. तेव्हा मी बी.ए.चं पहिलं वर्ष पास झालेली नवी सून होते. एवढ्या शिक्षणावर आपल्याला सगळं कळतं असं जे वाटतं, ते मला भरपूर वाटत होतं.

तो माणूस म्हणजे द्वारकाकाकूंचा नवरा. हिंगणघाटला आमच्या घरासमोर काकूंची पिठाची चक्की होती. दुपारी चक्की सुरू झाली की दारातल्या उन्हात पीठ तरंगत राही, आणि त्या पांढऱ्या धुक्यात काकू बसलेल्या दिसत. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या आणि मधोमध रुपयाएवढं लाल कुंकू. अजून डोळे मिटले की मला त्या तशाच दिसतात, जमिनीपासून जराशा वर.

त्यांचा कशावर चटकन विश्वास बसत नसे. पीठ चिमटीत चोळून पाहायच्या. तेवढं खरं, बाकी ऐकीव. रेडिओवर पावसाचा अंदाज लागला की म्हणायच्या, “पाऊस येईन म्हनते. कोनाच्या वावरात, ते इचार त्याले.” आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मी बातम्या देणाऱ्या माणसासमोर डोक्यावर पदर घेऊन बसत असे. काकूंनी ते एकदा दारातून पाहिलं. “काऊन वं, तो का तुले पाहून राह्यला?” मग त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “हा मानूस एकदाबी ‘मले माहीत नाई’ म्हनत नाई. अशाले पोरगी देऊ नये.”

देवाशीही त्यांचं असंच. वर्षातून एकदा एसटीनं केळझरच्या गणपतीला जायच्या, पण मागायच्या काही नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, “सारं जग त्याले मागूनच राह्यलं. कोनी तरी नुसतं भेटाले जावं ना!”

नवरा बारा वर्षांपूर्वी बैरागी लोकांच्या मागे निघून गेला होता. मी त्या घरात येण्याच्या कितीतरी आधी. लोक वैराग्य म्हणत. काकू म्हणायच्या, “वैराग्य आलं होतं, त छत्री काऊन नेली?”

बारा वर्षं पत्ता नाही म्हटल्यावर काकूंच्या थोरल्या दिरांनी, नारायणभाऊजींनी, भटजींना विचारून विधी ठरवला. पळसाच्या देठांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे गेलेल्याला गती मिळते. भाऊजी वाईट नव्हते. भावाचा आत्मा भटकतो आहे या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. पण पुतळा जळाला की काकूंचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार. कपाळ मोकळं करून दारात बसायचं नाही, तेव्हा चक्कीही पुतण्याकडे जाणार, हे कोणी बोललं नव्हतं, पण ठरलेलंच होतं.

“पळसाचा नवरा!” काकू मला म्हणाल्या. “खऱ्यानं घर सोडलं, याले तुम्ही जाळता. माहं कपाय काऊन मधात आनता?” हसून म्हणाल्या, पण त्या दिवशी पीठ चिमटीत घ्यायचं विसरल्या.

विधी अमावास्येला होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी बातम्यांत कुठल्याशा मेळ्यातले साधू दाखवले. अँटिना वाऱ्यानं हलत होता, पडद्यावर मुंग्या नाचत होत्या, आणि त्या मुंग्यांच्या पावसातून साधू नदीत उतरत होते, हळू, झोपेत चालल्यासारखे. त्यांतल्या एकाचा डावा खांदा वर होता. चक्कीत टांगलेल्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाचाही खांदा तसाच होता. झालं! “काका दिसले! काकू, काका दिसले!”

गल्ली जमली, तोवर पडद्यावर कपड्याच्या साबणाची जाहिरात लागली होती. नारायणभाऊजी धापा टाकत आले. “बातम्यांत दिसला?” म्हणाले, आणि साबणालाच हात जोडून ढसाढसा रडले. “जिता आहे माहा भाऊ! जित्या मानसाले अग्नी देत होतो मी!” तिथल्या तिथे विधी रद्द झाला. एरवी सुनेच्या शब्दाला गल्लीत किंमत नव्हती, पण टीव्हीच्या शब्दापुढे कोण बोलणार?

काकू सगळ्यांत शेवटी आल्या. पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. “चक्की चालू सोडून आली मी,” म्हणाल्या आणि गेल्या.

पुढे काही वर्षांनी ह्यांची वर्ध्याला बदली झाली. तोवर अक्कल थोडी उतरणीला लागून जागेवर आली होती. एक खांदा वर असलेले साधू मला भाजी बाजारातही दिसू लागले होते. सामान ट्रकमध्ये चढत असताना मी चक्कीत गेले. काकू तशाच, पांढऱ्या धुक्यात, लाल कुंकवानिशी. मी पाया पडले आणि म्हटलं, “काकू, ते बहुतेक काका नव्हते हो.”

त्यांनी चक्कीचा पट्टा उतरवला. आवाज थांबला, पीठ हळूहळू खाली बसू लागलं.

“पोरी, तू त्याले कधी पाह्यलंच नाई, हे मले त्याच दिवशी माहीत होतं. पन जन्मात पयल्यांदा साऱ्या गल्लीनं माह्या फायद्याच्या गोष्टीवर इस्वास ठेवला, मंग म्या काऊन खोडून काढू?”