वीस अक्षरांतला ज्ञानोबा

"बाई, संगं कार्ड काढलेल्या पोरायला पत्रं आले. माझंच का आलं न्हाई?"

चपला बाहेर काढून तो काचेच्या दाराशी उभा होता. ज्ञानोबा किसन सूर्यवंशी, राणीसावरगाव. हातात नोंदणीचं कार्ड, घामानं मऊ पडलेलं. परभणीतल्या आमच्या कचेरीत नोकरीसाठी नावं नोंदवली जायची. एखाद्या सरकारी खात्यात जागा निघाली की मुलाखतीची पत्रं माझ्या कॉम्प्युटरवरून छापून जायची.

कॉम्प्युटर एकच, चालवणारीही एकच. मी नाशिकची, तेवीस वर्षांची. खोलीला एसी होता म्हणून सगळे हेवा करायचे, आणि धूळ जाईल म्हणून आत कुणी यायचं नाही. डबासुद्धा एकटीच खायची. कधीकधी दिवसभरात "बाई, प्रिंट झाली का?" एवढंच कानावर पडायचं. रडू यायचं, खरंच सांगते.

यादी उघडली. कार्डावरच्या नंबरापुढे त्याचं नाव होतं. पत्र केव्हाच गेलं होतं आणि मुलाखत परवाच झाली होती.

"मला तर मिळालं न्हाई," तो म्हणाला. "ह्या महिन्यात नोकरीचं वय सरतंय माझं, बाई. आता न्हाई तर पुन्हा न्हाई. मग बायकोला घेऊन ऊसतोडच."

पत्राची ऑफिस कॉपी काढली. पत्त्यात नुसतं 'सूर्यवंशी ज्ञानोबा'. किसन गायब.

प्रोग्रामिंगमध्ये अशा अक्षरांच्या ओळीला स्ट्रिंग म्हणतात. ती जोडता येते, कापता येते, मोकळी जागा घालून एका मापाची करता येते. शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात जमतं. मी प्रत्येक नावाची डावीकडची वीस अक्षरं तेवढी घेतली होती. यादीचे रकाने कसे सरळसोट! साहेबांनी पाठ थोपटली होती. तीच कापलेली स्ट्रिंग मी पत्त्यावरही वापरली. आधी आडनाव, मग नाव, शेवटी वडील. इंग्रजीत 'सूर्यवंशी ज्ञानोबा' म्हणजे मधल्या जागेसकट बरोब्बर वीस अक्षरं.

"या नावाचं गावात आणखी कुणी आहे का?"

"चौघं हाव की आमी! आज्जाचं नाव ज्ञानोबा. त्यो गेल्यावर चारी लेकायनी आपापल्या पोराला तेच ठिवलं. बापाच्या नावानं वळखतेत आमाला." बोलता बोलता तो थांबला. "मारोतीकाकाच्या ज्ञानोबाचं घर वेशीला हाय. पोस्टमननं तिथंच सारलं आसल दाराखालून. त्ये समदे कारखान्यावर गेलेत, घराला कुलूप हाय."

मी साहेबांकडे गेले.

"साहेब, त्याची वेगळी मुलाखत घ्या म्हणून त्या खात्याला लिहू या."

"लिहा. पण कॉम्प्युटर चुकला, असं नको. चुकत नाही म्हणून तर आणलाय."

"कॉम्प्युटर नाही, मी चुकले."

"मग तसं लिहा," म्हणून त्यांनी पुढची फाईल ओढली.

तसंच लिहिलं. परत आले तर तो दाराशीच. मी त्याला आत बोलावलं, स्टूल दिलं.

"कसं कापतंय ते दावा की."

त्याचं पूर्ण नाव टाईप केलं, कापून दाखवलं. त्यानं स्क्रीन बघितली, मग पत्राची कॉपी उचलली आणि पत्त्यापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं तर लय जागा हाय वं बाई. मग कापलं कशापायी?"

"रांग सरळ दिसावी म्हणून," मी म्हणाले. मान वर करवेना.

त्यानं कॉपी जागेवर ठेवली. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पाणी प्यायला आणि गेला.

प्रोग्राम मी लगेच सुधारला. लांब नाव दुसऱ्या ओळीवर जाऊ लागलं. यादी वेडीवाकडी दिसायची. दिसू दे मेली.

खात्याचं उत्तर आलं, जागा भरल्या आहेत. मी त्याला हातानं पत्र लिहिलं, पत्त्यावर किसनचं नाव ठळक घातलं. आठवड्यानं ते परत आलं. पोस्टमननं लिहिलं होतं, घर बंद, ऊसतोडीला गेले.

त्या खोलीत मी दोन वर्षं काढली. शेजारी बसून माझं काम समजून घेणारा तो एकटाच, आणि त्याचीच नोकरी मी घालवली.