राग्नरच्या पायातली तडतड

आमच्या उप्सालाच्या प्रयोगशाळेतल्या सुया गुन्वर एकलुंड घासून द्यायची. केसासारख्या बारीक सुया, जिवंत माणसाच्या मज्जातंतूत टोचायच्या. तंतूतून विजेचा ठोका गेला की स्पीकर तडतडायचा. ठोके सगळे एकाच मापाचे. निरोप जोरकस असला तर ठोका मोठा होत नाही, नुसते ठोके दाट पडतात. "आमच्या राग्नरसारखं," गुन्वर म्हणायची, "आवाज चढवत नाही, पण बोलायला लागला की थांबत नाही." नवऱ्यावर भारी जीव तिचा.

टोचून घ्यायला परकी माणसं मिळेनात, म्हणून आम्ही घरचीच आणायचो. शुद्ध मूर्खपणा! त्या शरदात तिने राग्नरला आणलं. त्याच्या गुडघ्याखाली, कातडीला घाम आणणाऱ्या तंतूत सुई बसली. माणूस दचकला की हा तंतू बोलतो. डॉक्टरांनी टाळी वाजवली, तडतड झाली. पुन्हा वाजवली, थोडीशीच झाली. मग काहीच नाही. तंतूला सवय होते.

तेवढ्यात फोन वाजला. मी हाक मारली, "गुन्वर, मायब्रितचा फोन गं!" मायब्रित म्हणजे तिची धाकटी बहीण. स्पीकर तव्यावरच्या लोण्यासारखा तडतडला.

"मेहुणीला एवढं घाबरता होय राव?" डॉक्टर हसले.

गुन्वर फोनवर बोलून आली आणि नवऱ्याच्या मागे उभी राहिली. "मायब्रित रविवारी येतेय." तडतड. सुया पुसता पुसता म्हणाली, "मायब्रितला हेरिंग मासा करावा का?" पुन्हा तडतड, आधीपेक्षा दाट. या नावाची सवय होत नव्हती.

मी तिला बाहेर गाठलं. "अगं, ठोका कारण सांगत नाही. भीती असो, लाज असो, आवाज तोच. नव्या मुलांना तूच शिकवतेस ना?"

"शिकवते," ती म्हणाली. चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्या मायब्रितचा असा संताप आला! सख्ख्या बहिणीनेच गळा कापावा?

पुढचं गुन्वरनेच मला सांगितलं. माझं बोलणं तिने घट्ट धरून ठेवलं होतं. घरी जाऊन तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. कॉफी उकळली आणि म्हणाली, "तू घेणार?"

"त्या डबड्यावर कसला विश्वास ठेवतेस?" राग्नर म्हणाला. "काहीही वाजतं ते. मायब्रितचं आणि माझं तसलं काही नाही."

"मी कॉफीचं विचारलं होतं," गुन्वर म्हणाली.