गांडूळबाईंची दीर्घ ई

गांडूळबाईंना दिवस गेलेत, ही बातमी मला आमच्या चित्रकलेच्या बाईंनी कपाटाआड नेऊन सांगितली. पन्नाशीला टेकलेली बाई! पण पुरावा भक्कम होता. शिक्षकांचं बागकाम शिबिर सुरू व्हायच्या आधी, दर वेळी, बाई नळांमागे वाकून ओकताना दिसत. त्यांच्या नवऱ्याला रस्त्यात गाठून ‘काय, काही विशेष?’ असं विचारणारे महाभागही आमच्यात होते. तो साधाभोळा माणूस म्हणायचा, ‘टोमॅटो बरे आलेत यंदा.’ की हे फिदीफिदी हसायला मोकळे.

बाई एरवी भूगोल शिकवत. गुलाबाची कलमं करायला मिळतील म्हणून हौसेनं शिबिर घ्यायला हो म्हणाल्या आणि गळ्यात पडलं गांडूळखताचं पिंप आणि मागे लागलं हे नाव. पण त्या खतावर शाळेमागे भोपळ्याचा वेल चढला, मधल्या सुट्टीत मुलं त्याच्याभोवती बसायला लागली, आणि बाईंनी शिबिर धरून ठेवलं ते ठेवलंच.

पिंपाचं काय सांगू! झाकण काढलं की ओला मोजा डब्यात कोंडून ठेवल्यासारखा भपकारा. आत काळी पडलेली केळीची सालं, लव धरलेला चहाचा चोथा, आणि त्यात लालसर, गिळगिळीत वळवळ. तरी खरं सांगतो, मला त्याहून शिसारी यायची ती आमच्या मास्तर मंडळींची. फुकटची बिस्किटं चहात बुडवून खायची, बोटं पडद्याला पुसायची, रिकामी झारी धरून फोटो काढायचा आणि मागच्या बाकावर घोरायचं.

बाईंचा नियम एकच. जो ‘ई’ म्हणेल, त्यानं मूठभर खत हातात घेऊन पुढचे स्वर म्हणायचे. ‘पहिलीला शिकवता ना? मग ई वर अडकायचं नाही, पुढे चला.’ यावर मंडळींनी तोड काढली. तोंडावर रुमाल दाबून लांब उभी राहायची. ई नाही, म्हणून खतही नाही.

शेवटी एकदा शिक्षणखात्याचे साहेबच आले. नाक चिमटीत धरून म्हणाले, ‘आज कोणी हात घातला नाही, तर बाई, पिंप उचला. पुढच्या वर्षीपासून पडद्यावर चित्रफीत दाखवू.’

बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं. मग बाईंनीच बाही सारून हात कोपरापर्यंत आत घातला. बाहेर काढला तर एक जाडजूड गांडूळ अंगठीच्या बोटाला वेढा घालून बसलेलं.

‘ईऽऽ!’

ओरडल्या त्या बाईच.

मग इस्त्रीवाले सर, ज्यांच्या पँटची घडी शाईनं आखल्यासारखी असे, आनंदानं किंचाळले, ‘बाई, नियम! नियम!’

बाईंचा चेहरा खडूसारखा झाला. हात मात्र झटकला नाही. ‘ई... उ... ऊ... ऋ... ए... ऐ... ओ...’ ‘ओ’ वर असा उमासा आला, की साहेब दोन पावलं मागे सरले. बाईंनी आवंढा गिळला. ‘औ. अं. अः.’

इस्त्रीवाले सर बघतच राहिले. म्हणाले, ‘अहो, तुम्हालाही येते?’

‘काय?’

‘शिसारी?’

‘मग! माणूस आहे मी, कोंबडी नाही.’

सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. ‘सरका जरा. मला वाटायचं, मलाच येते.’ त्यांनी हात घातला आणि लहान मुलासारखी खणखणीत ई काढली. मग तर रांगच लागली. सगळे खत धरून उभे, तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी आणि आवाज पहिलीच्या वर्गाचा. साहेब ‘पिंप राहू द्या’ म्हणून निघून गेले.

बाई मात्र तडक नळांमागे. चित्रकलेच्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, पाठ चोळत हळूच म्हणाल्या, ‘जपा हो. कितवा?’

‘कितवा काय? दर वेळचंच आहे. सकाळी पिंप तपासलं की पोटात ढवळायला लागतं.’

बाईंना दिवस गेले नव्हते. बाईंना गांडुळांची किळस यायची.